पिवळ्या उजेडाचे भाऊजी

ज्याच्या घशात माझ्या भाऊजींनी एकदा तरी टॉर्च मारलेला नाही असा माणूस नागपूरच्या अख्ख्या महाल भागात सापडला, तर खुशाल समजावं की तो परवाच बदलीवर आलेला आहे. बाकी सगळ्यांचे घसे त्यांच्या नजरेखालून गेलेले आहेत. दूधवाला, पोस्टमन, कूलरचं गवत बदलायला येणारा माणूस, कोणीही सुटलेलं नाही. एकदा दारात मतं मागायला एक उमेदवार आला, तर त्यालाही त्यांनी उंबऱ्यातच 'आ' करायला लावलं आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्या कार्यकर्त्यांसमोर निकाल दिला, "घसा सुजून राहिला तुमचा. तीन दिवस भाषण बंद." माझ्या लग्नात मी मुंडावळ्या बांधून अंतरपाटासमोर उभा राहायला निघालो, तर यांनी मला बाजूला ओढलं, माझी जीभ पाहिली आणि जमलेल्या वऱ्हाडाला सांगितलं की नवरदेवाचं पोट साफ नाही. माझ्या सासरच्या लोकांनी ते आजतागायत लक्षात ठेवलेलं आहे. हे सगळं मी हसतहसत सांगतो आहे असा कोणाचा समज झाला असेल तर तो चुकीचा आहे. मी हे रागाने सांगतो आहे. या माणसाचा मला गेली तीस वर्षं राग येत आलेला आहे, आणि त्यातला एक राग तर असा आहे की तो कुठे ठेवावा हेच मला अजून कळलेलं नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. महालातल्या एका गल्लीत एका जुन्या डॉक्टरांचा दवाखाना होता, त्यात त्यांनी उभा जन्म कंपाउंडरकी केली. डॉक्टर आता नाहीत, आणि दवाखान्याच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आलं आहे. डॉक्टरांनी जाण्याआधी आपला टॉर्च भाऊजींना दिला. स्टीलचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, शर्टाच्या खिशात मावेल एवढा. मागच्या टोपीत, स्प्रिंगखाली, कापसात गुंडाळलेला एक जादा बल्ब. या टॉर्चच्या वजनाने भाऊजींच्या झाडून सगळ्या शर्टांचे डावे खिसे लोंबकळलेले आहेत, आणि ताई नवीन शर्ट आणला की आधी त्या खिशाला आतून दुहेरी शिवण मारते. दवाखान्यात घसा पाहायचं काम डॉक्टरांनी त्यांच्यावर सोपवलेलं होतं. नाडी, छाती, डोळे डॉक्टर स्वतः पाहत. डॉक्टर गेल्यावर भाऊजींनी डोळ्यांचाही चार्ज आपल्याकडे घेतला. कोणी दिला नव्हता, त्यांनी घेतला.

रोज सकाळी चहाच्या आधी त्यांचा राउंड असे. घरात माणसं दोनच, कारण मुलगी लग्न होऊन अकोल्याला गेलेली. तेव्हा राउंड म्हणजे ताई. ती ओट्याजवळ उभी असायची, हे टॉर्च घेऊन समोर जायचे, ती एका हाताने चहा ढवळत 'आ' करायची. मग अंगठ्याने तिची खालची पापणी ओढून डोळ्यात टॉर्च. "पांढरं फटक! चल, आण चहा." हे इतक्या वर्षांच्या सवयीचं झालं होतं की कधीकधी भाऊजी समोर नसतानाही चहाला उकळी आली की ताईचं तोंड आपोआप उघडायचं. या माणसाने माझ्या बहिणीला कधी गजरा आणलेला मी पाहिला नाही. सिनेमाला नेलं असेल तर मला आठवत नाही. पण एकही सकाळ अशी गेली नाही की त्यांनी तिचे डोळे पाहिले नाहीत. मी हे तेव्हा कौतुकाने सांगत असे. आता सांगत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे एलईडीचे टॉर्च बाजारात आले तेव्हा भाऊजींना शहाणं करणं हे मी माझं कर्तव्य समजलो, आणि तिथून आमच्या रविवारांचं वाटोळं झालं. मी सांगायचो, बल्बमधली तार तापते तेव्हा कुठे उजेड पडतो, म्हणजे तुम्ही सेल जाळता ते मुख्यतः उष्णतेसाठी. मी सांगायचो, एलईडी खाली पडला तरी फुटत नाही, सेल कितीतरी पट जास्त जातात, खिशाला हलका. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि मग माझ्यावर तुटून पडायचे. "बल्ब सांगून जाते गा, सालेसाहेब! आधी पिवळा, मग तांबडा, मग मिणमिण. माणसाले तयारी करता येते. तुहा एलईडी? आत्ता होता, आत्ता नाई. असल्या वस्तूवर कोणी भरवसा ठेवते काय?" दुसरा मुद्दा घशाचा. म्हणे त्या पांढऱ्या उजेडात लाल रंग मातकट दिसतो, सुजलेला घसा आणि चांगला घसा सारखेच वाटतात. खरं सांगायचं तर स्वस्तातल्या एलईडीबाबत हे म्हणणं बरोबर आहे; पण ते मी त्यांच्यासमोर कधी कबूल केलं नाही, कारण एवढं कबूल केलं असतं तर त्यांनी सीताबर्डीपर्यंत सगळ्यांना गाठून सांगितलं असतं. तिसरा मुद्दा असा, की बल्ब गेला तर बल्ब बदलता येतो, एलईडी गेला तर अख्खा टॉर्च फेकावा लागतो, आणि जी वस्तू उघडता येत नाही ती आपली नव्हेच. एका दिवाळीला मी त्यांना पेनासारखा, खिशाला क्लिप असलेला चांगला एलईडी टॉर्च भेट दिला. पुढच्या उन्हाळ्यात मला तो त्यांच्या कूलरमध्ये दिसला. पाण्याची नळी सारखी सरकत होती, तिला त्यांनी त्याचा टेकू लावला होता. "कामाची वस्तू आणली बरं का तू," असं वर मलाच म्हणाले.

बरं, हे टॉर्चपुरतं राहिलं असतं तरी मी सोसलं असतं. पण साधे पिवळे बल्ब दुकानांतून जायला लागले तसे भाऊजी पेटले. दिसेल त्या दुकानातून त्यांनी बल्ब उचलले आणि घरच्या माळ्यावर साठवले. अमृततुल्य वस्तू असल्यासारखे ते खोके कापडात बांधून ठेवलेले असत. ज्या काळात गल्लीतलं प्रत्येक घर दुधासारखं पांढरं दिसू लागलं, त्या काळात ताईचं घर तेवढं संध्याकाळच्या देवघरासारखं पिवळं राहिलं. ते घर पहिल्या मजल्यावर, दोन्ही बाजूंनी इमारती उंच झालेल्या, भर दुपारीही दिवा लावावा लागतो. ऊन येतं ते फक्त रस्त्याकडच्या गॅलरीत.

या पिवळ्या उजेडाने त्यांना फसवलं नाही असं नाही. एकदा पहाटे ते संत्रा बाजारात गेले आणि ढिगाऱ्यावर टॉर्च मारून, एकेक फळ फिरवून पाहून, पेटीभर संत्री निवडून आणली. नागपूरच्या माणसाला संत्र्यातलं कळत नाही म्हणजे काय! पण गॅलरीत उन्हात पेटी उघडली तर निम्मी हिरवी. टॉर्चखाली सगळी केशरी दिसली होती. भाऊजींनी जराही न डगमगता सांगितलं, की रिक्षात हवा लागली. ताई पदराने तोंड झाकून इतकी हसली की तिला ठसका लागला. "अहो, तुमच्या टॉर्चले सगळंच पिकलेलं दिसते वाटते," ती म्हणाली. पुढे आठ दिवस आम्ही सगळ्यांनी तोंडं वाकडी करून ती संत्री खाल्ली, आणि हे रोज मिटक्या मारून खात राहिले.

रामटेकची गोष्ट तर आमच्या घरात अजून निघते. गडावर दर्शनाला गेलो होतो. तिथल्या माकडांना प्रसादाची पिशवी आणि चष्मा बरोबर हेरता येतो. एका दांडग्या माकडाने पायरीवर बसलेल्या भाऊजींच्या लोंबत्या खिशात हात घातला आणि टॉर्च घेऊन कमानीवर जाऊन बसलं. चावून पाहिलं, खाण्याची वस्तू नाही हे लक्षात आल्यावर खाली फेकून दिला. टॉर्चला पोचा आला, बल्बची तार तुटली. भाऊजी कमरेवर हात ठेवून त्या माकडाला खालून बोलले. असं बोलले की आजूबाजूच्या बायकांनी मुलांना पुढे काढलं. मग तिथेच पायरीवर बसून मागची टोपी उघडली, कापसातला जादा बल्ब काढला, बसवला, लावून पाहिला आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने बघत म्हणाले, "आता सांग. तुहा एलईडी असता तर काय केलं असतं?" मी म्हटलं, "एलईडी असता तर फुटलाच नसता." यावर ते नागपूर येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. बसमध्ये माझ्या शेजारची जागा सोडून मागे जाऊन बसले आणि एका अनोळखी शेतकऱ्याचा घसा तपासत राहिले.

आता त्या मे महिन्याकडे येतो. इतका वेळ मी टाळत होतो.

नवतपा, म्हणजे मे अखेरचा भाजून काढणारा उन्हाळा, सुरू होता. नवतप्यात नागपूरचा माणूस घराला सगळीकडून बंद करून घेतो. ताईच्या घरी गॅलरीच्या दाराला वाळ्याचा पडदा, खिडक्यांना पुठ्ठे, आत कूलरची घरघर आणि भाऊजींचे पिवळे बल्ब. ताई दोन-तीन आठवडे घराबाहेर पडलीच नव्हती. मी रविवारी जायचो तेव्हा ती कूलरसमोर खुर्चीत बसलेली असायची आणि कंगव्याने हात खाजवत असायची. "अंग खाजून राहिलं बाप्पा. अन् जेवण पाहूच नाई वाटत," ती म्हणायची. "घामोळ्या आहेत," भाऊजी सांगायचे, "अन् या दिवसात कोणाले भूक लागते वं? पन्हं घे, सोडा मिक्श्चर करून देतो." सकाळचा राउंड नियमाने चालू होता. रोज 'आ', रोज पापणी, रोज पांढरं फटक. एक रविवार गेला, दुसरा गेला. मी दोन्ही वेळा पोहे खाल्ले, भांडलो आणि घरी गेलो.

तिसऱ्या रविवारी मला माझा पेन टॉर्च कूलरमध्ये पुन्हा दिसला आणि माझं डोकं फिरलं. मी तो नळीखालून ओढून काढला, शर्टाने पुसला आणि म्हटलं, "आता फैसलाच होऊन जाऊ द्या, भाऊजी. लाइट बंद करा. एकाच माणसावर दोन्ही टॉर्च मारू. फरक डोळ्यानं पाहून घ्या." भाऊजींनी बाह्या वर केल्या. "होऊन जाऊ दे! मी काय भेतो तुले?" माणूस म्हणून अर्थातच ताई. तिने कंगवा बाजूला ठेवला आणि दमलेल्या आवाजात म्हणाली, "काहून भांडता रे दोघं? लवकर करा, मले पडायचं आहे." दिवे बंद केले. पहिल्यांदा त्यांचा टॉर्च. त्या पिवळ्या उजेडात ताई छान दिसली, तिच्या लग्नातल्या फोटोत दिसते तशी. "पाह्य!" भाऊजी म्हणाले, "डोळे पाह्य. पांढरं फटक. आता लाव तुहा मुडद्याचा लाइट."

मी माझा लावला. ओलावल्यामुळे तो आधी पेटला नाही, दोनदा हातावर आपटावा लागला. मी तोंडात एक झणझणीत वाक्य तयार ठेवलं होतं, ते तिथेच राहिलं. ताईच्या डोळ्यांतलं पांढरं पांढरं नव्हतं.

"हा तुह्या लाइटचा दोष आहे," भाऊजी लगेच म्हणाले. मी तो उजेड त्यांच्या डोळ्यांवर फिरवला. त्यांचे डोळे पांढरे होते. आरशात स्वतःचे पाहिले, पांढरे. पुन्हा ताईकडे.  मी ताईचा हात धरला, वाळ्याचा पडदा ओढून बाजूला केला आणि तिला दुपारच्या उन्हात गॅलरीत उभी केली. तिचे डोळे हळदीसारखे झाले होते. गळा, हाताचे तळवे, नखं, सगळीकडे तोच रंग. "काय झालं रे?" तिने विचारलं. ती उन्हामुळे डोळे बारीक करत होती. मागे काहीतरी फरशीवर पडल्याचा आवाज झाला. भाऊजींच्या हातातून टॉर्च सुटून बल्ब फुटला होता, आणि त्यांनी टॉर्च उचलला नाही.

पित्ताच्या नळीत खडा अडकला होता, आणि आत पू व्हायला लागला होता. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या पण कामाला पक्क्या होत्या. त्यांनी कागद भरता भरता सरळ विचारलं, "तीन आठवड्यांपासून त्रास आहे म्हणता. इतके दिवस घरात कोणी यांचे डोळे पाहिले नाहीत का?" भाऊजी पुढे झाले, हात जोडल्यासारखे धरून म्हणाले, "मी पाहत होतो मॅडम. रोज."

ताईला आत नेल्यावर कॉरिडॉरमध्ये मी त्यांना बोललो. काय काय बोललो ते सगळं इथे लिहायची माझी हिंमत नाही. पण शेवटचं आठवतं. "बल्ब सांगून जाते म्हणत होते ना तुम्ही? तयारी करता येते म्हणत होते? माही ताई तीन आठवडे सांगून राहिली होती! भूक नाई, अंग खाजते, उठवत नाई. तुमच्या बल्बासारखीच उतरून राहिली होती ती रोज तुमच्या डोळ्यासमोर. अन् तुम्ही काय म्हणत होते? पांढरं फटक!" आजूबाजूचे लोक बघायला लागले. मला वाटलं ते उसळतील. मी तीस वर्षं या माणसाशी भांडलो आहे, त्यांनी एकही वाक्य कधी खाली पडू दिलेलं नाही. ते बाकावर बसले. त्यांनी आपला रिकामा खिसा दोन बोटांनी चाचपला. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब डोळे टॉर्चनं पाहतच नव्हते गा. पेशंटले हाताले धरून बाहेर ओट्यावर नेत, उन्हात. म्हणत, कावीळ दिव्याखाली पाहायची नाई. मी दरवाजा धरून उभा राहत होतो. इतकी वर्षं. मले ठाऊक होतं."

हे ऐकून माझा राग गेला असता तर बरं झालं असतं. तो गेला नाही, उलट त्याला आणखी एक माणूस सापडला. पिवळ्या उजेडात पिवळं आणि पांढरं वेगळं दिसत नाही, हा धडा मी दरवर्षी आठवीच्या वर्गाला शिकवतो. रंगीत कागद घेऊन करून दाखवतो. आणि तीन रविवार मी त्याच पिवळ्या उजेडात माझ्या बहिणीसमोर बसून सेल किती तास जातात यावर हुज्जत घातली. हे मी भाऊजींना त्या दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्यांना एकट्यालाच त्या बाकावर बसू दिलं.

ताई वाचली. खडा काढला, ताप उतरला, पंधरा-सोळा दिवसांनी ती घरी आली, आणि महिना-दोन महिन्यांत पुन्हा पूर्वीसारखी ओट्याशी उभी राहून आम्हाला पोहे वाढायला लागली. गेले ते भाऊजी. म्हणजे माणूस जागेवर आहे, पण मी गेलो तर समोर कोणी वेगळाच बसलेला असे. घरातले सगळे बल्ब त्यांनी स्वतः स्टुलावर चढून काढले आणि एलईडी लावले. माळ्यावरची खोकी, त्यात टॉर्चच्या बल्बांची डबी, सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं. मी दिलेला पेन टॉर्च क्लिपने खिशाला लावलेला असे, आणि खिसा लोंबत नसे. मी मुद्दाम म्हणून पाहिलं, "काय भाऊजी, चांगला आहे ना एलईडी?" ते म्हणाले, "चांगला आहे. तूच बरोबर होता." इतका राग मला त्यांचा आयुष्यात कधी आला नव्हता. तीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते मिळालं, आणि मला त्यांच्या दंडाला धरून हलवावंसं वाटलं.

दिवाळीनंतर एकदा ताईचा फोन आला. "हे काही बोलूनच नाई राहिले रे," ती म्हणाली. "सकाळी चहा ठेवला की मी आपली सवयीनं 'आ' करून उभी राहतो, तर हे पेपर तोंडासमोर धरतात. काल दूधवाल्याचा घसा बसला होता, तोही बिचारा स्वतःहून 'आ' करून थांबला. याईनं नुसतं दूध घेतलं अन् दरवाजा लावला." मग तिने विचारलं, "तू काय बोलला होता रे त्याईले, दवाखान्यात?" मी विषय बदलला.

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी, विज्ञानाचा शिक्षक, एलईडीचा पुरस्कर्ता, टॉर्चचा जुना बल्ब शोधत नागपूर पालथं घालायला लागलो. महालात नाही, सीताबर्डीवर नाही. एका दुकानातल्या पोऱ्याएवढ्या मालकाने मला सांगितलं, "काका, अजब बंगल्याच्या म्युझियममध्ये पाहा, काचेच्या कपाटात ठेवला असेल." आणि तो आपल्याच विनोदावर हसत बसला. शेवटी इतवारीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या खणात, गंजलेल्या स्क्रूंमध्ये, एक बल्ब सापडला. एकच. मी तो कापसात गुंडाळला आणि रविवारी भाऊजींच्या हातात ठेवला.  

त्यांनी कापूस उलगडला. बल्बाकडे पाहिलं. चष्मा कपाळावर सरकवला, बल्ब डोळ्याजवळ नेला, त्याच्या मानेवरचे बारीक आकडे वाचले. मग त्यांच्या नाकपुड्या हलल्या.

"हा तीन सेलचा आहे बे!"

मी म्हटलं, "असेल. चालून जाईल."

"चालून जाईल? दोन सेलवर तीन सेलचा बल्ब चालून जाईल? सायन्सचा मास्तर ना तू? लेकराइले काय शिकवून राहिला वर्गात? हा नुसता लाल होऊन राहीन, काजवा बरा याच्यापेक्षा! वस्तू घेतली की मानेवर पाहाव, काय लिहिलं आहे ते पाहाव, इतकी अक्कल पाहिजे माणसाले! उचलला अन् आणला!" आवाज चढत गेला. माझी डिग्री, माझी शाळा, माझ्या लग्नातलं माझं पोट, सगळं निघालं. ताई लाटणं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी मान खाली घालून ऐकत होतो, आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी मध्ये एकदा मुद्दाम उलट बोललो, म्हणजे ते लवकर थांबू नयेत.

मग ते उठले आणि कपाटातून, गंजिफ्रॉकांच्या घडीखालून, स्टीलचा टॉर्च काढला. रामटेकच्या माकडाचा पोचा तसाच होता. बल्ब बसवला, खिशातल्या पेन टॉर्चचे सेल तर बसेनात, म्हणून दोन घड्याळांतला एकेक सेल काढून घातला. बल्ब पेटला, त्यांनी म्हटल्याप्रमाणे नुसता लाल. "आ कर," ते म्हणाले. मी केलं. त्यांनी वाकून बराच वेळ पाहिलं. "काही म्हणता काही दिसून नाई राहिलं," असं म्हणाले तरी पाहत राहिले. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. जे कॉरिडॉरमध्ये मी सांगायला हवं होतं ते आत्ता सांगावं असं मला वाटलं, पण उघड्या तोंडाने माणसाला बोलता येत नाही. तोंड मिटल्यावर मी सांगितलं. "भाऊजी, तीन रविवार मीही तिथंच बसलो होतो." त्यांनी माझ्याकडे न पाहता मान हलवली. "ठाऊक आहे गा," ते म्हणाले. माझा राग गेला असं मी अजूनही म्हणणार नाही. त्याला आता दोघांमध्ये बसायला जागा झाली, एवढंच.

तेवढ्यात ताई चहा ठेवून आली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिने 'आ' केलं. त्यांनी त्या लाल मिणमिणत्या उजेडात तिचा घसा पाहिला. मग सवयीने अंगठा तिच्या पापणीकडे गेला आणि तिथे थांबला. त्यांनी टॉर्च बंद केला, खिशात टाकला. खिसा पूर्वीसारखा लोंबला. "चल वं, बाहेर," ते म्हणाले आणि तिचा हात धरून तिला गॅलरीत घेऊन गेले.

थंडीचे दिवस होते. कोवळं ऊन गॅलरीच्या अर्ध्या फरशीवर आलेलं होतं. त्यांनी तिला त्या उन्हात नीट उभी केली, तिची हनुवटी वर केली आणि नुसत्या डोळ्यांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. आधी एका, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या. "किती पाहता हो," ताई म्हणाली, "लोक जाऊन राहिले खालून." पांढरं फटक आहे असं ते म्हणाले नाहीत. आत ओट्यावर चहा उतू गेला, तो मी जाऊन उतरवला.